नागोजीच्या गाठी

भावकूला लोक उठून राम राम घालायचे, सिद्रामला बसल्याजागी. पिरनवाडीच्या सभेत सिद्रामनं हे मोजलं होतं. भावकू आला तेव्हा पारावरची एकोणीस माणसं उठली. त्याच्यामागून पाच पावलांवर सिद्राम होता; तो पोचेपर्यंत त्यातली अठरा खाली बसली होती. एक म्हातारा तेवढा अजून अर्धवट उभा होता, पण तो गुडघ्यामुळे मागे राहिलेला. म्हणजे त्याचं उठणंही भावकूच्याच खात्यात धरायला हवं होतं.

मोजायची ही सवय कोल्हापूरच्या कॉलेजातली. सिद्राम शहापूरच्या विणकराचा मुलगा, नुकताच बी.एस्सी. होऊन बेळगावच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलेला. 'माग-नांगर पक्ष' ही कल्पना त्याची, नाव त्याचं, जाहीरनाम्यातलं अक्षर न् अक्षर त्याचं. विणकर आणि शेतकरी एकत्र आले तर तालुका लोकल बोर्डातली इनामदारांची सद्दी संपेल, असं त्याचं साधं गणित होतं.

अडचण एकच निघाली. शहापूर सांगली संस्थानात, आणि बोर्ड खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखाचं. रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या सिद्रामला पलीकडच्या बोर्डाला मतही नव्हतं आणि उभंही राहता येत नव्हतं. मग पुढे करायला खालशातला, शेतसारा भरणारा, शेतकऱ्यांत ऊठबस असलेला माणूस हवा होता. येळ्ळूरचा भावकू सिद्रामनंच शोधून आणला. "नावाला अध्यक्ष," असं त्यानं तेव्हा बायाक्काला सांगितलं होतं. बायाक्का म्हणजे त्याची आत्या. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं.

नाव मात्र खरोखरच भावकूचं झालं.

पिरनवाडीच्या त्या सभेत सिद्राम पाऊण तास बोलला. तालुक्यात किती मैल रस्ता कच्चा आहे, किती गावांत शाळा देवळाच्या ओवरीत भरते, बोर्डाचे किती सभासद वर्षभरात एकदाही बैठकीत तोंड उघडत नाहीत. सगळे आकडे तोंडपाठ. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग भावकू उठला, पटका सारखा केला आणि म्हणाला, "मास्तर बोलला त्यातलं निम्मं मला कळलं. पर निम्म्यावर बी मत द्यायला हरकत न्हाय."

सभा खो खो हसली. मष्णू नावाच्या तिथल्या शेतकऱ्यानं आणलेला झेंडूचा हार भावकूच्या गळ्यात पडला. एकच हार होता. भावकूनं तो काढून सिद्रामच्या गळ्यात घातला, तेव्हा लोकांनी अजून जोरात टाळ्या वाजवल्या. त्याही भावकूसाठीच. सिद्रामला तो ओला हार मानेला विंचवासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दौऱ्याची नवी आखणी केली. "दोघांनी एकाच गावाला जाण्यात वेळ फुकट जातो, आण्णा. आपण गावं वाटून घेऊ."

"व्हय," भावकू म्हणाला. तो कशालाही व्हयच म्हणायचा.

सिद्रामनं स्वतःकडे दहा गावं ठेवली. ही सगळी विणकरांच्या किंवा लहान शेतकऱ्यांच्या वस्तीची, जिथं सभेला माणूस हमखास जमणार अशी. भावकूला तालुक्याच्या पूर्वेची पाच गावं दिली. खडकवाडी आणि तिच्या भोवतालची चार गावं म्हणजे मारुतीराव इनामदारांचा बालेकिल्ला. तिथं गेल्या खेपेला याच विचाराचा एक अपक्ष गेला होता, तर त्याच्या टांग्याच्या घोड्याला कुणी चारा विकत दिला नव्हता.

भावकू त्या पाच गावांत सभा घेत नाही, हे सिद्रामच्या कानावर आलं. तो म्हणे चालत जातो, कुणाच्याही दारात टेकतो, पाणी मागतो आणि विचारतो, "कुठल्या हिरीचं हे?" मग लोक बोलत राहतात आणि हा व्हय, व्हय म्हणत ऐकत राहतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही त्यानं असंच पाणी मागून घेतलं. त्यावरून खडकवाडीच्या चार बड्या घरांनी नाकं मुरडली, असंही कळलं. सिद्रामनं ते सगळं वहीत टिपून ठेवलं. आपण का टिपतो आहोत, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

निवडणूक झाली. पक्षाला दोन जागा मिळाल्या. इनामदारांसमोर एवढ्याशा पक्षानं दोन जागा काढल्या म्हणून येळ्ळुरात भावकूला बैलगाडीतून मिरवलं. सिद्रामही गाडीत होता, पण बैलांच्या बाजूला. तिथून त्याला लोकांचे चेहरे दिसत नव्हते, शेपट्या दिसत होत्या.

गाववार मतांचा तक्ता कचेरीच्या फळ्यावर लागला, तो सिद्रामनं उभ्यानं उतरवून घेतला. त्याच्या मनात एक प्रश्न आला होता. भावकू पक्षाला फायद्याचा आहे की तोट्याचा? प्रश्न शास्त्रीय होता. तो सुचला मात्र झेंडूच्या हारामुळे.

येळ्ळूर आणि पिरनवाडी त्यानं हिशेबाबाहेर ठेवली. येळ्ळूर भावकूचं घरचं गाव, पिरनवाडीत दोघं बोललेले. उरली पंधरा. सिद्राम बोलला त्या दहा गावांत पक्षाला शंभरातली एकेचाळीस मतं पडली होती. भावकू फिरला त्या पाचांत तेवीस.

एकेचाळीस आणि तेवीस. सिद्रामनं दोन्ही आकडे पुन्हा काढून पाहिले. मग तिसऱ्यांदा काढले, पण ते नुसतंच पाहायला, गोड वाटत होतं म्हणून.

"काय गावलं रं, सारखा हसायलास?" बायाक्कानं विचारलं. ती मागाच्या खोलीत भिंतीला टेकून, रहाटावर कांड्या भरत बसली होती. खोलीत चार माग होते. तीन वाजत होते आणि कोपऱ्यातला नागोजीचा थांबत थांबत वाजत होता.

सिद्रामनं तिला सांगितलं. भावकू जिथं गेला तिथं मतं कमी. आकडे खोटं बोलत नाहीत.

बायाक्कानं रहाट थांबवला नाही. "मग नागोजीला उद्यापास्नं घरी बसवूया."

"नागोजीचा काय संबंध?"

"त्याच्या लुगड्यात गाठी सगळ्यांपेक्षा जास्त की रं. मोज हवं तर."

नागोजीनं मान वर केली, ऐकलं, आणि परत तुटलेलं सूत जोडायला खाली वाकला. साठीचा होता. त्या खोलीत एक रीत होती, सिद्रामच्या वडिलांच्या वेळेपासूनची. सूत हलकं आलं आणि ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, सारखा तुटायला लागला की तो माग नागोजीकडे जायचा. दुसऱ्या कुणाच्या हातानं तो पुरा झालाच नसता. जितक्यांदा सूत तुटेल तितक्या गाठी. म्हणून शहापुरातल्या सगळ्यात कसलेल्या विणकराच्या लुगड्यावर उलट बाजूनं हात फिरवला तर सगळ्यात जास्त गाठी लागायच्या.

सिद्रामची पेन्सिल थांबली. त्याला समजायला क्षणही लागला नाही. वर्गात कुणी असला घोटाळा केला असता तर त्यानं सगळं पान खोडलं असतं. गावं मुळात सारखी नव्हतीच. अवघड गावं भावकूला कुणी दिली? त्यानंच. मग मोजायला हवं होतं ते हे, की ती गावं आधी कुठं होती आणि आता कुठं आली.

तेही आकडे त्याच्याकडे होते, वहीच्या मागच्या पानावर. मागच्या निवडणुकीत याच विचाराच्या अपक्षांना सिद्रामच्या दहा गावांत शंभरी अडतीस मतं होती आणि भावकूच्या पाच गावांत चार. म्हणजे सिद्रामनं अडतिसाची एकेचाळीस केली. भावकूनं चाराची तेवीस.

त्यानं ते पान उलटून पाहिलं आणि वही मिटली. "तुला राजकारणातलं कळत नाही, आक्का," तो म्हणाला.

"न्हाय की," बायाक्का म्हणाली. "मला गाठीतलं कळतं."

पक्षाच्या बैठका त्याच मागाच्या खोलीत व्हायच्या. खालशातला पोलीस रस्ता ओलांडून संस्थानात येत नसे, म्हणून सभासद गमतीनं म्हणायचे की आपला पक्ष परदेशातून चालतो. त्या रविवारी दुपारी सोळा सभासद जमले. माग बंद होते. नागोजी मात्र गेला नव्हता. तो आपल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसाच बसला होता.

सिद्रामनं पहिला तक्ता वाचला. आवाज शांत ठेवला, भावकूबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. "माझा रोष कुणावर नाही. आकडे काय म्हणतात तेवढं मी सांगतो आहे. जिथं अध्यक्ष गेले तिथं तेवीस. जिथं गेले नाहीत तिथं एकेचाळीस." मागच्या पानाचं त्यानं काही सांगितलं नाही.

मष्णू लगेच पुढे सरसावला. हार आणणारा हाच, पण मधल्या काळात त्याचं मन फिरलं होतं. "मी आधीच बोललोतो. आण्णा कुठंबी पाणी पितो. आमच्या भावकीतली खडकवाडीची चार घरं त्यापायी तुटली. सारा भरणाराच मत देतो, हे ध्यानात ठेवाय नको?"

"तहान लागलीती रं," भावकू म्हणाला.

काही जण हसले. सिद्रामला ते हसू सहन झालं नाही. या क्षणीही हा माणूस एका वाक्यात खोली आपल्याकडे ओढत होता. त्यानं घाईनं मतं मागितली. सिद्रामला अध्यक्ष करावं याच्या बाजूनं नऊ हात वर झाले, विरुद्ध सहा. भावकूनं हात कुठंच वर केला नाही.

मग तो उठला, पटका बांधला. "मास्तर शिकलेला हाय, बरोबरच मोजलं असंल. मला एकच वाटत हुतं. ती पाच वंगाळ गावं तू मला दिलीस, तवा म्हटलं, मास्तराचा आपल्यावर लई भरवसा हाय. दुसऱ्याला दिली न्हाईत." त्यानं सिद्रामच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं. आता तू जा. तुझ्या हातानं जास्ती पडतील."

तो दारातून बाहेर पडला तेव्हा सिद्रामसाठी हात वर केलेल्या नवांपैकीही तिघे त्याला पोचवायला उठले. सिद्रामनं तेही मोजलं.

चारच महिन्यांत खडकवाडीच्या पट्ट्यातली जागा रिकामी झाली. इनामदारांचा सभासद तापानं वारला आणि त्या पाच गावांपुरती पोटनिवडणूक लागली. पक्षानं खडकवाडीचाच ज्योतिबा नावाचा शेतकरी उभा केला. प्रचाराला अध्यक्षानंच जायचं, हे उघड होतं. सिद्रामला मनातून ते हवंही होतं. मागचं पान त्याला रोज खुपत होतं. तेविसाची पंचवीस जरी झाली असती तरी ते पान गप्प बसलं असतं.

तो एकूण अकरा दिवस फिरला. प्रत्येक गावात सभा, प्रत्येक सभेत पाऊण तास. खडकवाडीच्या चावडीपुढं बोलताना एक उंच, बारीक माणूस मधेच उठला.

"मास्तर, तुमचं मत कुठल्या गावात हाय?"

"माझं मत नाही. मी शहापूरचा."

"म्हंजे सांगलीच्या राजाची रयत."

"हो, पण त्यानं काय फरक..."

"फरक न्हाय. आमचा बोर्ड, आमचा रस्ता. तुम्ही पावण्यावानी आलाय, पावण्यावानी ऱ्हावा. च्या घ्या."

हशा झाला. सिद्रामनं संस्थान आणि खालसा यांच्या सीमा कशा ठरल्या, ते सांगायला सुरुवात केली. मागची माणसं उठून गेली. पुढची बसून राहिली, कारण मधून उठणं बरं दिसलं नसतं.

ज्योतिबाच्या घरी त्याला पाणी दिलं. ते खारट होतं, जिभेला चिकटत होतं. सिद्रामनं ज्योतिबाच्या बायकोला, यशोदाबाईंना, समजावून सांगितलं की या पाण्यात चुन्याचा अंश जास्त आहे, म्हणून साबणाला फेस येत नसणार आणि डाळ शिजत नसणार.

"येत न्हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "तुमच्या आण्णांनी बी पिऊन बघितलंतं. त्यास्नी पाच गावांतल्या समद्या हिरी तोंडपाठ हायती. खालच्या वस्तीची हीर गोडी हाय, तिथनं वर पाणी आणाय पायजे, असं बोर्डाला सांगतो म्हणालेते. मग का आलं न्हाईत ते?"

सिद्रामनं तांब्या खाली ठेवला. बोर्डाची मुख्य कामं म्हणजे रस्ते, शाळा आणि विहिरी. भावकू पाणी पीत फिरत नव्हता. तो तपासणी करत होता, आणि त्याच्याकडे वही नव्हती एवढंच.

"त्यांना वेळ नव्हता," सिद्राम म्हणाला. त्या अकरा दिवसांतलं हे त्याचं एकमेव खोटं, आणि तेच त्याच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

निकाल लागला. गावं तीच आणि मतदारांच्या याद्याही त्याच. शंभरी नऊ.

पुढच्या रविवारी पुन्हा सोळा जण मागाच्या खोलीत जमले. भावकू येणार नाही असं सिद्रामला वाटलं होतं, पण तो आला. दारात थांबला, कुणीतरी सरकून जागा दिली, तिथं बसला. त्याला जागा द्यायला चार जण सरकले होते. सिद्रामनं वही उघडली. त्याच्यापुढं सोपी वाट होती. पट्टाच वाईट आहे, इनामदारांनी धाक घातला, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. मष्णूनं तर तसं बोलायला तोंडही उघडलं होतं.

"नागोजी," सिद्राम म्हणाला, "तुमच्या लुगड्यात गाठी जास्त का असतात?"

नागोजी दचकला. बैठकीत त्याला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. "तुटका ताणा माझ्याकडं देत्यात म्हणून."

"तोच ताणा मी विणला तर?"

नागोजीनं त्याच्या हातांकडे पाहिलं, खडूच्या बोटांकडे. "लुगडं हुणार न्हाय," तो म्हणाला.

खोलीतले विणकर हसले. शेतकऱ्यांना काही कळलं नाही, तेव्हा सिद्रामनं मागचं पान उघडून वाचलं. अडतिसाची एकेचाळीस. चाराची तेवीस. आणि आता तेविसाची नऊ. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तुटका ताणा मी भावकूआण्णांना दिला होता. मग गाठी मोजून तुम्हाला दाखवल्या."

बायाक्कानं रहाट थांबवला.

"हे पान मागल्या टायमाला हुतं का तुमच्याकडं?" मष्णूनं विचारलं.

"होतं."

"मग का वाचलं न्हाय?"

"वाचलं असतं तर नऊ हात वर झाले नसते."

मष्णूनं मिशीवरून हात फिरवला. त्या नवातला एक हात त्याचा होता.

सगळे आता भावकूकडे पाहत होते. खरं बोलला होता सिद्राम, आणि पाहत होते भावकूकडे. सिद्रामला त्याही अवस्थेत हे बोचलं. आपण कबुली दिली तरी सभा याचीच होते, असं त्याला वाटलं, आणि असं वाटावं याची लाजही वाटली.

भावकूनं विचारलं ते निराळंच. "ज्योतिबाच्या घरी पाणी प्यालास?"

"प्यालो."

"खारं हाय न्हवं?"

"फार. चुना आहे त्यात."

"किती, ते आकड्यात सांगता येतंय का? मला नुसतं खारं एवढंच म्हणता येतंय. बोर्डाचा सायेब म्हणतो, खेडवळ जिभेवर इश्वास कसा ठेवायचा."

"येतं," सिद्राम म्हणाला. "साबणाचं पाणी थेंब थेंब घालून मोजतात. शाळेत सामान आहे."

"मग बाटल्या घेऊन चल. समद्या हिरी दावतो." भावकू थोडा थांबला. "अध्यक्ष कोण, ते तुमी ठरवा. पर तिकडं एकट्यानं जाऊ नको रं, मास्तर. तुला रस्ता ठावा न्हाय आन् मला आकडा."

भावकूला परत अध्यक्ष करायला हात वर झाले. या वेळी मोजायची गरज पडली नाही. सिद्रामनंही हात वर केला. तो त्याला जड गेला.

उन्हं कलायला लागल्यावर बैठक संपली. भावकू उठला आणि त्याच्याबरोबर सगळी खोली उठली, मष्णूसुद्धा, खड्ड्यातून पाय काढून नागोजीसुद्धा. सिद्राम वहीजवळ बसून राहिला. दारात पोचल्यावर भावकू वळला आणि मागे पाहत उभा राहिला. मास्तर येईपर्यंत तो पुढे जाईना, आणि तो जाईना म्हणून बाकीचेही जाईनात.

सिद्रामनं माणसं मोजली. पंधरा. ज्याच्यासाठी थांबली होती तो भावकू होता की आपण, हे त्या आकड्यावरून निघत नव्हतं. त्यानं तरीही आकडा वहीत लिहिला, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, आणि चपला शोधायला उठला.